प्रकल्प नोंदी: युद्धकाळातले विसरलेले सुपरहिरो, ४८ पानांत

रविवार, ८ जून २०२५

आज कामाला लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघालेल्या कॉमिक्समधल्या ज्या सुपरहिरोंची नावं आज कुणी घेत नाही, त्यांची मराठीत एक पुस्तिका काढायची. पानं ४८, म्हणजे सोळा-सोळा पानांचे तीन फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडली जाणारी पानं). दोन एकरंगी, मधला चाररंगी. दिवसभर प्रेसमध्ये प्री-प्रेसचंच, म्हणजे छपाईआधीच्या तयारीचं काम करते, त्यामुळे प्लेटा (छपाईचे पत्रे, दर रंगाला एक) आणि कागद यांचा हिशोब बसल्या जागी झाला. प्रती गल्लीतल्या वाचनालयात ठेवायच्या, आणि जो मागेल त्याला द्यायच्या.

कालखंड १९३९ ते १९४५. सुपरमॅन जून १९३८ च्या अंकात आला आणि पुढच्या दोन वर्षांत न्यूयॉर्कमधल्या लहानमोठ्या प्रत्येक प्रकाशकाला आपला एक डगलेवाला हवासा झाला. दहा सेंटला चौसष्ट पानं. त्यातून जे उरले ते चार-पाच सगळ्यांना ठाऊक आहेत. मला बाकीचे हवेत.

मी वाढले इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर. मुखवट्यातले ते बुबुळं नसलेले पांढरे डोळे अजून आठवतात. मुखवट्याची माया तिथलीच.

बुधवार, ११ जून

स्कॅन उतरवून घेतले. डिजिटल कॉमिक म्युझियममध्ये जुने अंक पानापानाने ठेवलेले आहेत, आणि उघडपणे ठेवता येतात त्याला कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रताधिकार पहिल्यांदा २८ वर्षांचा. अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून तो वाढवून घ्यायचा. नाही केला तर चित्र सगळ्यांचं. १९४४ च्या अंकाचा अर्ज १९७२ च्या सुमारास करायला हवा होता. तोवर बहुतेक छोटे प्रकाशक बंद पडले होते, अर्ज करणार कोण? म्हणून यातली बहुतेक माणसं आज कुणाच्याच मालकीची नाहीत, आणि म्हणूनच मला ती छापता येतात.

रविवार, १५ जून

पहिली कार्डं लिहिली. प्रत्येक कार्डावर नाव, प्रकाशक, पहिला अंक, चित्रकार.

शील्ड. एमएलजे, पेप कॉमिक्स १, जानेवारी १९४०. अंगावर अमेरिकेचा झेंडा घालणारा हा पहिला. कॅप्टन अमेरिका त्याच्यानंतर वर्षभराने आला. पहिल्या अंकात त्याची ढाल तिकोनी होती आणि ती शील्डच्या छातीवरच्या ढालीसारखी दिसते म्हणून एमएलजेने तक्रार केली. दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. जगाला माहीत असलेली ती गोल ढाल या विसरलेल्या माणसामुळे गोल आहे.

त्याच अंकात जॅक कोलने काढलेला कॉमेट. डोळ्यांतून निघणाऱ्या किरणांनी तो माणसं वितळवतो. जुलै १९४१ च्या सतराव्या अंकात गुंड त्याला गोळ्या घालतात आणि तो मरतो, अगदी खराखुरा. कॉमिक्समध्ये सुपरहिरो मरण्याची ही पहिली वेळ. त्याचा भाऊ सूड घ्यायला ‘हँगमन’ होतो. भाचा म्हणाला, “मावशी, म्हणजे हा परत आलाच नाही?” त्या काळात नाही आला. माझ्या कार्डावर मी तेवढंच लिहिलं.

रविवार, २२ जून

दोन कार्डं, पण वेळ खूप गेला, कारण दोन्ही वाचत बसले.

रेड बी. क्वालिटी कंपनीचं हिट कॉमिक्स १, जुलै १९४०. रिक रॅली हा सहायक सरकारी वकील. रात्री तांबडा-पिवळा पोशाख घालतो आणि शिकवलेल्या मधमाश्या गुंडांवर सोडतो. त्यातली लाडकी माशी पट्ट्याच्या बक्कलमध्ये राहते, नाव मायकल. नाव पुरुषाचं, आणि नरमाशीला तर नांगी नसते. पण ते बक्कल उघडण्याची चौकट मला फार आवडली. बोट आणि बक्कल, बाकी काही नाही. शक्ती नाही, पैसा नाही, जवळ आहे ते खिशात मावेल एवढं.

मॅडम फेटल. क्रॅक कॉमिक्स १, मे १९४०, चित्रकार आर्ट पिनाजियन. रिचर्ड स्टँटन हा निवृत्त नट. त्याच्या मुलीला पळवून नेलेलं आहे. तिचा माग काढायला तो म्हातारीचं सोंग घेतो: लाल झगा, हातात काठी, सोबत हॅम्लेट नावाचा पोपट. बावीस अंक चालला. ही गोष्ट लोक हसण्यासाठी सांगतात. मी ती तशी लिहिणार नाही. मुलगी हरवलेल्या बापाला कुणीही ओळखू नये असं वाटतं, आणि म्हातारीकडे रस्त्यात कुणी बघत नाही. स्त्रीपार्ट म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाचकाला बालगंधर्वांमुळे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कार्डावर तेवढी एक ओळ घातली.

रविवार, २९ जून

फ्लेचर हँक्स. याच्यासाठी एक कार्ड पुरेना.

१९३९ ते १९४१ एवढीच त्याची कारकीर्द. ५१ गोष्टी. लिहिणं, रेखाटन, शाई, अक्षरं, सगळं एकट्याचं, तेही अशा धंद्यात जिथे एक पान चौघांच्या हातून जाई. त्याचा स्टारडस्ट फॉक्स कंपनीच्या फँटॅस्टिक कॉमिक्स १ मध्ये, डिसेंबर १९३९. तो एका ताऱ्यावर राहतो आणि तिथून पृथ्वीवरचे गुन्हे बघतो. शिक्षा देण्याची त्याची रीत भयंकर: एका खलनायकाचं धड नाहीसं करून नुसतं डोकं अवकाशात भिरकावतो. फँटोमा फिक्शन हाउसच्या जंगल कॉमिक्स २ मध्ये, फेब्रुवारी १९४०. सोनेरी केसांची देखणी बाई, पण शक्ती वापरताना चेहऱ्याच्या जागी निळी कवटी होते आणि केस तसेच सोनेरी राहतात. अतिमानवी शक्ती असलेल्या स्त्री-नायिकांत तिला पहिली मानतात. वंडर वुमन येण्याच्या जवळपास दोन वर्षं आधीची.

चौकटीतली माणसं ताठ, माना जाड, हात लांब. चित्रकलेच्या परीक्षेत हा नापास होईल. पण एकदा पाहिलेलं पान विसरता येत नाही. रागाने पेटलेल्या माणसाचं ते काम आहे. तो घर टाकून गेलेला, दारू पिऊन मारहाण करणारा बाप होता, हे त्याच्या मुलानेच नंतर सांगितलं. १९७६ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका बागेतल्या बाकावर गारठून मेला. कार्डावर दोन्ही लिहिलं, त्याची चित्रंही आणि त्याची मारहाणही.

बुधवार, २ जुलै

आज क्रम बदलला. दोन बायकांमुळे.

टार्पे मिल्स. पूर्ण नाव जून टार्पे मिल्स. त्यातलं ‘जून’ तिने गाळलं, कारण या धाडसी गोष्टी बाई काढते हे कळलं तर मुलांचा विरस होईल, असं तिला वाटे. तिची मिस फ्युरी ६ एप्रिल १९४१ पासून वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानावर. काळ्या बिबट्याच्या कातड्याचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख. याच पट्ट्या पुढे टाइमली कंपनीने अंक करून छापल्या. बाईने स्वतः घडवलेली आणि स्वतःच काढलेली पोशाखवाली नायिका, तीही वंडर वुमनच्या आधी.

लिली रेने. व्हिएन्नातली ज्यू मुलगी, नाझींच्या तावडीतून मुलांना बाहेर काढणाऱ्या आगगाडीतून इंग्लंडला पोचली आणि पुढे न्यूयॉर्कला. फिक्शन हाउसमध्ये आधी दुसऱ्यांच्या चित्रांतल्या पेन्सिलीच्या रेघा खोडायचं काम, मग स्वतःची पानं. फाइट कॉमिक्समधली सेन्योरिटा रिओ ही गुप्तहेर तिने काढली, नाझींना पकडणारी. सही ‘एल. रेने’. वाचकांची पत्रं यायची ती ‘मिस्टर रेने’ यांच्या नावाने. ती २०२२ मध्ये गेली, एकशे एक वर्षांची होऊन.

ही दोन कार्डं शेजारी ठेवली आणि माझी मांडणीच चुकली हे दिसलं. कॉमेट, रेड बी, फँटोमा ही नावं प्रकाशकाच्या मालकीची होती. चित्रकाराला पानाप्रमाणे पैसे मिळत आणि विषय मिटे. आज आठवण ठेवायची तर त्याची ठेवायला हवी. सगळी कार्डं मोडली. आता पुस्तिकेचा क्रम चित्रकारांच्या नावाने. नाव मोठ्या टायपात, नायक त्याखाली. भाच्याने कपाळाला हात लावला, कारण त्याने संगणकावर केलेली सगळी सूची उलटी करायची आहे. पण रात्री अकरापर्यंत बसून त्याने केली.

रविवार, ६ जुलै

ज्याच्यासाठी हे काम हाती घेतलं होतं त्याच्याकडे आज आले. चू हिंग, पूर्ण नाव चू फूक हिंग. हवाईत जन्मलेला चिनी वंशाचा चित्रकार. अमेरिकन कॉमिक्समध्ये काम करणाऱ्या अगदी पहिल्या आशियाई-अमेरिकनांपैकी एक. त्याचा नायक ग्रीन टर्टल, रूरल होम या छोट्या प्रकाशनाच्या ब्लेझिंग कॉमिक्समध्ये, पहिला अंक जून १९४४. पाच अंक. संपलं.

चीनमध्ये जपानी फौजांशी लढणारा नायक. उघडं अंग, डोक्यावर हिरवं मुखवट्याचं टोपडं, पाठीवर डगला आणि डगल्यावर कासवाची पाठ. कासवाच्या आकाराचं विमान. सोबत बर्मा बॉय नावाचा मुलगा, जपान्यांच्या हातून सोडवलेला.

आणि त्याचा चेहरा दिसत नाही. मुखवट्यामुळे नव्हे, मुखवटा तर सगळेच घालतात. चू हिंग त्याला आपल्याकडे वळूच देत नाही. चौकटीमागून चौकट तो पाठमोरा. कुठे वळलाच तर त्याचाच हात तोंडासमोर येतो, कुठे सावली, कुठे मधे दुसरी वस्तू. भिंग घेऊन एका पानावर अर्धा तास बसले. कासवाच्या पाठीवरचे ते षटकोन त्याने एक न एक रेघ ओढून काढलेत. ज्या बाजूला इतरांच्या पानांत जांभळा रंग टाकून भागवलेलं असतं, त्या बाजूला याने सगळा जीव ओतलाय. माणसाला पाठमोरं उभं करायचं तर पाठच त्याचा चेहरा व्हायला हवी, तशी ती झाली आहे.

बर्मा बॉय त्याला विचारतो, तू कोण आहेस? तो सांगू लागतो आणि तेवढ्यात काहीतरी होतं, हल्ला, हाक. उत्तर राहून जातं. पाचही अंक संपतात आणि राहून गेलेलंच असतं.

चू हिंगला हा नायक चिनी करायचा होता, प्रकाशकाने विकला जाणार नाही म्हणून नको म्हटलं, मग त्याने चेहराच दाखवायचा नाही असं ठरवलं: ही गोष्ट कॉमिक्सवाल्यांत वर्षानुवर्षं सांगितली जाते. ऐकीव आहे, कागद नाही. कार्डावर ‘सांगतात की’ असं लिहूनच ती घातली. २०१४ मध्ये जीन लुएन यांग आणि सनी ल्यू यांनी ग्रीन टर्टलला नवं चित्र-पुस्तक दिलं आणि त्यात त्याला उघडपणे चिनी-अमेरिकन केलं. सत्तर वर्षांनी का होईना, त्याला तोंड मिळालं.

नावाचं काय करायचं यावर भाच्याशी वाद झाला. तो म्हणाला ‘हिरवं कासव’ करू. मी म्हटलं, नको. आपण देवळात शिरताना कासवाला आधी हात लावून मग आत जातो. ‘हिरवं कासव’ म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येणार. नाव ग्रीन टर्टलच ठेवलं, अर्थ खाली बारीक अक्षरात.

रविवार, १३ जुलै

रंग. हे माझं रोजचं काम, म्हणून इथे थांबले.

ग्रीन टर्टलच्या अंगाचा रंग गुलाबी आहे. नुसता गोरा नाही, न शोभणारा भडक गुलाबी. त्याच पानावर शेजारी उभी असलेली चिनी माणसं पिवळट-नारिंगी. स्कॅन आठशे टक्के मोठा केला. लाल ठिपके दाट, पिवळा जवळपास नाही, आणि लालची प्लेट केसभर सरकलेली, त्यामुळे खांद्याच्या काळ्या रेघेबाहेर एक गुलाबी कड आलेली. रजिस्टर, म्हणजे रंगांच्या प्लेटांची एकमेकींशी जुळणी, चुकलेलं आहे. प्रेसमध्ये असा कागद आला तर मी तो परत पाठवीन. पण तो अंगाचा रंग चुकून आलेला नाही, ठरवून टाकलेला आहे.

त्या काळी चित्रकार काळ्या रेघा देऊन मोकळा होई. कुठे कोणता रंग ते दुसरं कुणी ठरवे, आणि प्लेटा तिसरीकडे बनत. म्हणजे चू हिंगने पाठ वळवून जे मोकळं ठेवलं होतं, ते त्याच्या हातून पान निघाल्यावर कुणीतरी गुलाबीने भरून टाकलं. हे लिहिताना माझा जीव तुटतो. मीही रोज कुणाच्यातरी रेघांत रंग भरते.

याच्या जोडीला मॅट बेकरचा वूडा ठेवला. क्राउन कॉमिक्स ३, १९४५. मॅट बेकर कृष्णवर्णीय चित्रकार, त्याने काढलेला वूडाही कृष्णवर्णीय. आतल्या गोष्टीत तो तसा आहे, आणि मुखपृष्ठावर गोरा. पुढच्या अंकांत आतही गोरा झाला. रेघ तीच, रंगाची टक्केवारी बदललेली.

अंकांतले जपानी सैनिक मात्र कसे काढलेत ते झाकून ठेवता येणार नाही: सुळे, जाड चष्मे, लिंबासारखा पिवळा रंग. सगळ्या प्रकाशकांच्या मुखपृष्ठांवर तेच. त्यातली एकही चौकट पुस्तिकेत घेणार नाही. पण अशा चौकटी होत्या हे मजकुरात स्पष्ट लिहिलंय.

शनिवार, १९ जुलै

काळाचा संदर्भ जुळवला, कारण त्याशिवाय ‘बर्मा बॉय’ या नावाला अर्थ नाही.

अमेरिकेत १८८२ पासून चिनी मजुरांना प्रवेशबंदी होती. युद्धात चीन मित्रराष्ट्र, तेव्हा ती बंदी ठेवणं अवघड झालं आणि डिसेंबर १९४३ मध्ये ती उठवली. वर्षाला १०५ माणसांना परवानगी. ब्लेझिंग कॉमिक्सचा पहिला अंक त्यानंतर सहा महिन्यांनी. चिनी माणूस मित्र आहे असं सरकार सांगत होतं, आणि १०५ ही त्या मैत्रीची मोजणी होती.

आणि बर्मा, म्हणजे ब्रह्मदेश, आपल्याला परका नाही. मार्च १९४४ मध्ये, हा अंक येण्याआधी तीन महिने, ब्रह्मदेशाला लागून असलेल्या मणिपूरमधल्या सांगशाक गावात मराठा पलटणीची चौथी बटालियन जपानी फौजेला अडवून उभी होती. पाणी संपलेलं, तरी चार-पाच दिवस तग धरला, आणि इंफाळच्या बचावाला तेवढी उसंत मिळाली. त्यांच्यावर दहा सेंटचा अंक कुणी काढला नाही. चू हिंगच्या पानाच्या शेजारी ही चार ओळींची चौकट टाकली.

कागदाचीही नोंद घेतली. युद्धात कागदाचा कोटा ठरला, अंक ६४ पानांवरून ५६, मग ४८ वर आले. ज्याच्याकडे कोटा तो प्रकाशक, अशी स्थिती. आणि छापलेले अंक मुलं रद्दीच्या मोहिमेत देऊन टाकत, तीही देशसेवाच होती. युद्धावर लिहिलेली पानं युद्धासाठीच रद्दीत गेली.

रविवार, २७ जुलै

४८ पानांत सगळे मावत नाहीत. आज काटछाट.

ब्लॅक टेरर, फायटिंग यँक, डॉक स्ट्रेंज (मार्व्हलचा जादूगार डॉक्टर स्ट्रेंज नव्हे, हा नेडॉर कंपनीचा, १९४०) यांना एकेक परिच्छेद. बरे आहेत, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं मला फार सापडलं नाही. ब्लॅक कॅटला अर्धं पान: हार्वीचं पॉकेट कॉमिक्स, ऑगस्ट १९४१, खिशात मावणारा शंभर पानी अंक. मुलं तो दुकानातून सहज खिशात घालत म्हणून चार अंकांत बंद पडला असं सांगतात.

किस्मत मात्र काढवेना. बॉम्बर कॉमिक्स, १९४४, चार अंक. अल्जेरियाचा मुसलमान, डोक्यावर फेझ टोपी, फ्रान्समध्ये नाझींशी लढतो. लेखक म्हणून ‘ओमर ताहान’ हे टोपणनाव. नाव आपल्याला ओळखीचं, रोजच्या बोलण्यातलं. शील्डच्या मजकुरातून आठ ओळी कापल्या आणि त्याला जागा केली.

रविवार, ३ ऑगस्ट

चाररंगी फॉर्मचं प्रूफ काढलं. फँटोमाचा निळा नीट आला. मिस फ्युरीचा काळा थोडा बसका आहे, त्याखाली चाळीस टक्के सायन (छपाईचा निळा) द्यायचा.

चू हिंगची दोन पानं याच फॉर्ममध्ये आहेत, तरी त्यातली ग्रीन टर्टलची चौकट मी फक्त काळ्या प्लेटवर ठेवली. बाकी तिन्ही प्लेटांवर तिथे काही नाही. रेघा त्याच्या, अंग कागदाच्या रंगाचं. स्कॅनमधून गुलाबी काढून रेघ शाबूत ठेवायला दोन संध्याकाळी गेल्या. जिथे लाल सरकलेला होता तिथे रेघ तुटत होती, ती एकेक बिंदू जोडत आणली.

प्रूफ भाच्यासमोर ठेवलं. ग्रीन टर्टल पाठमोरा, समोर भिंत, भिंतीवर त्याची मोठी काळी सावली. तो बराच वेळ बघत होता. म्हणाला, “मावशी, सावलीला डोळे आहेत.”

आहेत. मोठ्या कासवासारखी ती सावली त्याच्यामागे जाते, तिला डोळे आहेत आणि ती हसते. पाचही अंकांत तिच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. इतके दिवस रंगांत ती मला नीट दिसली नव्हती.

उद्या प्लेट काढायची. चू हिंगचं नाव ३६ पॉइंटमध्ये, ठळक.